दोन डोळ्यांचे अठरा दिवस

ऑपरेशननंतरच्या पाचव्या दिवशी बसथांब्यावर एका बाईनं काट्यावर पिशवी उगारली. तिचा दोष नव्हता. समोर उभा असलेला अठ्ठावन्न वर्षांचा, विरळ केसांचा माणूस आधी डावा डोळा मिटत होता, मग उजवा, मग परत डावा, आणि नजर सगळा वेळ तिच्या अंगावर.

"लाज नाही वाटत? वय काय, चाळे काय!"

"बाई, तुमचा स्वेटर," काटा म्हणाला, "या डोळ्यानं जांभळा दिसतो आणि या डोळ्यानं विटकरी."

"मग तिसरा उघडा आणि जाळून टाका एकदाचा!" असं म्हणून ती रांग मोडून चार माणसं पुढे जाऊन उभी राहिली.

काट्याला राग आला नाही. त्याला वाटलं, तिलाच विचारायला हवं होतं, बाई, तुम्हाला कसा दिसतो? पण ती जांभळा म्हणाली असती. सगळेच जांभळा म्हणाले असते. त्यातून काय कळलं असतं? बस आली तेव्हा तो परत डोळे मिटत-उघडत होता, आणि बस गेली.

काटा हे त्याचं घरचं नाव नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तो कापडाच्या कारखान्यात रंगाच्या टाक्या खरवडायला लागला. तेव्हाच्या म्हाताऱ्या रंगमास्तरनं एकदा सगळ्यांसमोर दोन काळ्या चिंध्या धरल्या. सगळे म्हणाले, एकच काळा आहे. हा टाकीतून मान वर काढून म्हणाला, "एकच कसा? हा जागा आहे, हा झोपलाय." मास्तरनं दुसऱ्या दिवशी त्याला टाकीतून काढलं आणि खिडकीपाशी बसवलं. तराजूचा काटा जसा केसभर वजनानं हलतो, तशी याची नजर हलते, म्हणून काटा. तोंडावर काका, पाठीमागे काटा. आता तर बायकोचा भाऊसुद्धा फोनवर "काटा आहे का घरात?" असंच विचारतो.

खिडकी उत्तरेची. ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड. टाकीतून निघालेल्या कापडाचा तुकडा इस्त्रीखाली वाळवायचा, मग गार होऊ द्यायचा, कारण गरम कापड खोटं बोलतं. मग गिऱ्हाइकाच्या नमुन्याला कडेला कड लावून बघायचं. एका श्वासापुरतं. नंतर मान वळवून राखाडी भिंतीकडे बघायचं आणि पुन्हा एकदा कापडाकडे. "जास्त वेळ बघू नये," तो नव्या माणसांना सांगायचा. "जास्त बघितलं की डोळा आपली समजूत घालायला लागतो."

रंगांना त्यानं नावं ठेवली होती. शिळा निळा. तापातला गुलाबी. ओल्या पोत्याचा. रुसलेला हिरवा. आकडे होते, पण आकड्यांनी कोणी बोलायचं नाही. "रुसलेला हिरवा आण" म्हटलं की माणूस नेमका तोच डबा घेऊन यायचा. काट्याला यात मोठं समाधान होतं. त्याला वाटायचं, माझ्या डोक्यातला रुसवा बरोबर त्याच्या डोक्यात उतरला. लोकांना एकमेकांचं कळत नाही म्हणतात, ते उगीच. नीट नाव द्यायला हवं, बस.

मग मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा आधी, डावा बरोबर अठरा दिवसांनी.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याची भिंत त्याला इतकी पांढरी दिसली की दात आंबले. डॉक्टरीणबाई हसल्या. "सगळ्यांना असंच होतं. जुनी काच गढूळ झाली होती, काका. आठ-दहा वर्षं चहाच्या गाळणीतून बघत होतात समजा." काटाही हसला. एक डोळा मिटला, भिंत शिळी. दुसरा मिटला, भिंत कोरी. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसं त्याचं झालं. घरी येईपर्यंत.

घरी आला आणि झोपायच्या खोलीच्या दारात थबकला.

त्या खिडकीला त्याच्या हातचा पडदा होता. आठ वर्षांपूर्वी बायको स्टुलावरून पडली होती. पाठीचा मणका चिरला आणि तीन महिने तिला सरळ उताणं पडून राहायला लागलं. तोंड खिडकीकडे. खिडकी उघडी ठेवली तर उजेड डोळ्यांत घुसायचा, आणि जुना जाड पडदा ओढला तर खोलीची कोठडी व्हायची. काट्यानं सुट्टीच्या दिवशी कारखान्याची एक छोटी टाकी मागून घेतली आणि एक रंग काढला. नमुना नाही, आकडा नाही, निव्वळ मनातून. तापवून निवलेल्या दुधावरच्या सायीचा. ऊन त्यातून आलं की खोलीला ऊब यावी, एवढाच हिशेब. जन्मात हजारो रंग काढले असतील, पण हा एक त्यानं कोणाच्या ऑर्डरीशिवाय काढला होता. त्याचं नावही कारखान्याच्या रंगांच्या वहीत चढवलं: सायीचा.

आणि आता समोर पडदा निळा होता. नीळ जास्त पडलेल्या चादरीसारखा, गारठलेला, मुका निळा. त्यानं उजवा डोळा मिटला. साय. डावा मिटला. नीळ.

"पडदा कधी बदललास?"

बायको धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मागून आली. "मी कशाला बदलू? सरका जरा."

"हा रंग कुठला?"

"निळसर. का हो?"

"निळसर? कधीपासून?"

"लावलात त्या दिवसापासून. तुमचं काय चाललंय? थेंब घातले का डोळ्यांत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सायीचा म्हणालात," ती कपडे पलंगावर टाकत म्हणाली. "एवढे रंगातले तुम्ही. मी म्हटलं, तुमच्या खात्यात याला साय म्हणत असतील. म्हणा बापडे."

काटा पलंगाच्या कडेला बसला. तीन महिने. जिला हलता येत नव्हतं तिला त्यानं तीन महिने या बर्फाच्या लादीसमोर निजवलं होतं, आणि वर रोज विचारत होता, "ऊब वाटते ना?" आणि ती म्हणायची, "वाटते."

त्या रात्री जेवणात लक्ष नाही, झोपेत लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी महिनाभर वाफेच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलं असताना, तो कारखान्यात गेला.

रंगखात्याच्या प्रयोगशाळेत एक चाळिशीची बाई होती. तिला सगळे लॅबवाली म्हणत. सहा वर्षं काट्याच्या हाताखाली काढलेली, जिभेला धार असलेली. तिनं आधी त्याच्या डोळ्यांवर रबरी कडेचा चष्मा चढवला आणि मग विचारलं, "काय हवंय?"

"सायीचा डबा काढ."

तिनं विचारलं, "कुठली साय? तुमची की खरी?"

काट्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे," लॅबवाली जरा अडखळली, "इथं दोन आहेत ना. गिऱ्हाइकाला साय हवी असली की आम्ही खरी साय घेतो. तुम्ही वहीतली म्हणालात की काटा-साय. ती निळी. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, ही साय निळी का? तर मला सगळ्यांनी दटावलं, काकांना शिकवतेस का म्हणून."

"बाकीचे रंग?"

"बाकीचे बरोबर असतात. नमुना समोर असला की तुमची चूक होत नाही, काका. नमुनाही त्याच डोळ्यानं बघता आणि कापडही. मनातून काढलात की मात्र..."

म्हणजे रुसलेला हिरवा म्हटल्यावर माणूस डबा आणायचा तो रुसवा कळला म्हणून नव्हे. डबा पाठ होता म्हणून. काटा खिडकीपाशी जाऊन बसला, उठला, परत बसला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत त्याला कधी एवढं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

डोळा तपासायला गेला तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "डावा राहू दिला तर?"

"का? भीती वाटते?"

"नाही. तेवढाच पुरावा आहे."

"कशाचा पुरावा?"

"मला काय दिसायचं त्याचा."

"काका, त्या डोळ्यानं तुम्हाला जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. गेल्या महिन्यात उकळतं पाणी पायावर घेतलंत, तुमच्या मिसेस सांगत होत्या."

"बरं, मग आतली काढलेली काच माझ्या हातात द्याल?"

"चुरा करून ओढून घेतो आम्ही ती. हातात द्यायला काही उरत नाही."

चुरा. हा शब्द घेऊनच तो घरी आला. बारा दिवस राहिले होते. बारा दिवसांनी तो सायीचा रंग जगातून जाणार होता, आणि जिच्यासाठी काढला तिनं तो एकदाही बघितला नव्हता. त्याला स्वतःच्या डोळ्याचं दुःख नव्हतं. दुसऱ्याला दिलेली वस्तू वाटेतच बदलली गेली, आणि घेणाऱ्यानं भिडेपोटी पावती दिली, असं काहीसं त्याला डाचत होतं.

भांडी घासता घासता बायको म्हणाली, "सांगा ना मग. कसा होता तो रंग? मी ऐकते."

"सायीचा."

"ते झालं. पुढे?"

"म्हणजे... थोडा पिवळ्याकडे. पण पिवळा नाही. आतून उजेड असलेला. असा, ऊबदार."

"हं."

"हं काय? दिसला का?"

"मला दुधाचं पातेलं दिसलं," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

तेव्हा त्याला सुचलं. शब्दांनी जमत नसेल, पण रंगाला रंग जुळवणं हे तर आपलं काम आहे. उजवा डोळा कोरा, डावा जुना. नमुना डाव्यात, कापड उजव्यापुढे. असा जुळवणारा जगात तोच एक, आणि तोही थोडे दिवस.

जिलेटिनचा पारदर्शक कागद त्यानं दुकानातून आणला. लॅबवालीनं वाटीवाटीत पातळ रंग कालवले: पिवळा, थोडा तांबूस, सुईच्या टोकावर राहील एवढा करडा. कागद बुडवायचा, वाळवायचा, उजव्या डोळ्यापुढे धरायचा आणि खिडकीत ठेवलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्याकडे बघत डोळे आलटूनपालटून मिटायचे. दोन्हींत फरक असला की रंग उडी मारायचा. उडी जाईपर्यंत कागद बदलायचा.

पहिला कागद लिंबासारखा, तिसरा गंजासारखा. पाचवा जवळ आला, पण निळ्या चिंधीवर फसला. लॅबवाली वैतागली. "काका, रंग मोजायच्या यंत्राला विचारू या का? आकडे देईल."

"यंत्राच्या भोकात माझा डोळा काढून बसवू?"

"बसवा. निदान घरी तरी जाल."

सहाव्या, सातव्या, आठव्या कागदाला तो घरी जेवायलाही वेळेवर पोचला नाही. डोळ्यांत घालायचे थेंब बायको डब्यात बांधून द्यायला लागली. रस्त्यात, बँकेत, न्हाव्याकडे तो डोळे मिटत-उघडत राहायचा. न्हाव्यानं शेवटी वस्तरा खाली ठेवला. "काका, एक काय ते ठरवा. मला घाम फुटतोय."

दहाव्या कागदाला उडी होती, पण मुंगीची. अकराव्याला लॅबवालीनं वाटीत काडीच्या टोकानं एक थेंब तांबूस सोडला. काट्यानं कागद धरला. डावा. उजवा. डावा. उजवा. तीस वेळा केलं. फरशी जागची हलली नाही. त्यानं कागदावर मेणबत्तीचा पुसटसा हात फिरवला, तेवढं धुकंही जुळलं. मग तो खुर्चीत मागे टेकून बसला. डाव्याच्या तारखेला दोन दिवस उरले होते.

स्वतःच्या जुन्या चष्म्याच्या काचा काढून त्यानं दोन्हीकडे तो कागद बसवला आणि घरी जाऊन बायकोच्या नाकावर चढवला. तिला पलंगावर तिच्या जागी बसवलं. पडद्यावर दुपारचं ऊन होतं.

"बघ."

तिनं बघितलं. खोलीभर मान फिरवली. काटा तिच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा कधी कुठल्या कापडाकडे बघितला नसेल.

"पिवळं दिसतंय सगळं," ती म्हणाली.

"सगळं सोड. पडदा बघ."

"पडदा... हो, सायीसारखा दिसतोय खरा. पण पिवळा कागद लावल्यावर दुसरं काय दिसणार? तुम्हीही पिवळे दिसताय. कावीळ झालेल्याला जग पिवळं म्हणतात, तसं."

"पण मला पिवळं दिसत नव्हतं!" काटा ओरडलाच. "मला पांढरं पांढरंच दिसायचं! तू तूच दिसायचीस! ज्यानं ही म्हण केली ना, त्याला जन्मात कधी कावीळ झालेली नसणार!"

तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. अकरा कागद. थेंबाथेंबानं जुळवलेला डोळा. तोच डोळा, तोच पडदा, आणि तरी तिला दिसतंय ते भलतंच. रंग पोचला होता. रंग बघणारा पोचला नव्हता.

बायकोनं चष्मा काढला नाही. "ओरडू नका. तुम्ही हा आठ वर्षं घातलात. मला दोन मिनिटं दिलीत. थांबा की जरा."

आणि ती तशीच उठून कामाला लागली. तोच चष्मा घालून स्वयंपाक, झाडलोट, बाजार. शेजारीण म्हणाली, "डोळे आलेत का?" तर ही म्हणाली, "नवऱ्याचे उसने घेतलेत." रात्री काढून उशाला ठेवला, सकाळी उठल्या उठल्या पुन्हा चढवला. काटा तिच्या मागे मागे. "अजून पिवळं?" "अजून पिवळं." तासाभरानं परत. शेवटी तिनं त्याला दळण आणायला पिटाळलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती चादरींच्या घड्या घालत होती. एका पांढऱ्या चादरीवर चहाचा फिकट डाग राहिला होता, तळहाताएवढा. काट्याच्या नव्या डोळ्याला तो दारातून दिसला. तिनं चादर झटकली, उजेडात धरली, हात फिरवला.

"स्वच्छ निघाली बाई एकदाची," ती म्हणाली आणि घडी घातली.

काटा दारातूनच म्हणाला, "भिंत कशी आहे गं?"

"भिंत? पांढरी आहे, कशी असणार?" आणि ती थांबली. हात चष्म्याकडे गेला. "अगंबाई."

"नको काढू. पडद्याकडे बघ आधी."

तिनं बघितलं. बराच वेळ, एका श्वासापेक्षा कितीतरी जास्त. काट्यानं टोकलं नाही. मग हळूच म्हणाली, "बरा आहे हो. मऊ आहे." तिनं चष्मा काढला आणि दचकली. "ई! केवढा निळा!"

दोघं हसली. काटा इतका हसला की लॅबवालीला फोन करून सांगितलं. पण डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना, रिक्षात, बायको म्हणाली, "एक सांगू का? मला माहीत होतं की तो चष्मा काढता येतो. तुम्हाला माहीत नव्हतं." काट्याचं हसू तिथंच मावळलं. पुढचा सगळा रस्ता तो डाव्या डोळ्यानं दुकानांच्या पाट्या बघत राहिला.

पट्टी निघाली. दोन्ही भिंती कोऱ्या झाल्या. डोळे मिटून-उघडून बघितले, काहीच उडी मारेना. घरी आल्यावर त्यानं तो कागदाचा चष्मा स्वतः घातला. सगळं पिवळं. त्यालाही.

चष्मा खणात टाकून तो स्टुलावर चढला आणि पडद्याची कडी सोडवायला लागला.

"काय करताय?" बायको खालून.

"आता दोन्ही डोळे नीट आहेत. खरी साय काढतो. चार दिवसांत लावून देतो तुला."

"खाली उतरा."

"अगं, फुकट..."

"उतरा म्हणते ना! त्या पडद्याला हात लावायचा नाही."

काटा स्टुलावरच राहिला. एवढ्या वर्षांत हा आवाज त्यानं दोन-तीनदा ऐकला असेल.

"तीन महिने मी त्याच्याकडे बघितलंय," ती म्हणाली. "दुपारी तीनला ऊन त्या कोपऱ्यावर यायचं. मग तो निळा जरा खोल व्हायचा. आणि दुखणं एक पाऊल मागे सरकायचं. जायचं नाही. सरकायचं. मी सकाळपासून तीन वाजायची वाट बघायची."

"मला तर कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती दुखतं? मी म्हणायची सहा. तुम्ही म्हणायचात, कालही सहाच म्हणालीस, नीट विचार करून सांग. आठवतं?"

आठवत होतं. तो चिडला होता तेव्हा.

"ते रोज वेगळंच सहा असायचं," ती म्हणाली.

काटा उतरला. "सरकायचं म्हणजे कसं? निळ्यानं कसं सरकेल? सांग ना."

"सांगता येत असतं तर आठ वर्षं थांबले असते?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "तुम्ही सायीचं सांगितलंत तेव्हा मला पातेलं दिसलं. मी निळ्याचं सांगितलं तर तुम्हाला नीळ दिसेल."

काट्यानं पलंगाकडे बघितलं. मग चप्पल काढली आणि तिच्या बाजूला, तिच्या जागी, उताणा झाला. पडदा समोर होता. त्यानं सवयीनं एक डोळा मिटला, दुसरा मिटला. दोन्हीकडून तोच.

"दिसतंय काही?" तिनं दारातून विचारलं.

"निळा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग पडा अजून," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तो कुशीवर वळला, परत उताणा झाला, उशी सारखी केली, मान एकीकडून दुसरीकडे केली. पलंग करकरला. आतून तिचा आवाज आला, "हलायचं नाही हं. मला हलायची परवानगी नव्हती."

काटा हलायचा थांबला. पाठीखाली चादरीची एक चुणी टोचत होती, आणि तीन वाजायला अजून वीस मिनिटं होती.